गाडी एक, माणसं नऊ... तुमच्याकडे कोण कुठे बसायचं?

रामबाग_थोरली:

नमस्कार मंडळी,

ह्या दिवाळीत बऱ्याच वर्षांनी आमची सगळी चुलत भावंडं इंदूरला जमून राहिली आहेत, एक नागपूरहून, एक बडोद्याहून, धाकटा भाऊ तर पार देशाबाहेरून. तर माझ्या मनात असं आलंय की आमच्या जुन्या फियाटचं एक मोठं चित्र काढून घ्यायचं, वरून बघितल्यासारखं, आणि त्यात कोण कुठे बसायचं ते नावासकट लिहायचं. घरात गाडीचे फोटो खूप आहेत पण सगळे बाहेरून काढलेले, बोनेटला हात टेकवून उभे, आतला एकही नाही. आणि मजा तर सगळी आत होती.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, पण आमच्याकडे तिला पद्मिनी कुणीच म्हटलं नाही, फियाटच. बाबांनी ८३ साली ओळखीच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली, नवीन बुक केली तर किती वर्षं थांबावं लागेल ह्याचा नेम नव्हता. फिक्कट निळी. पुढची सीट सलग, सोफ्यासारखी, रेक्झिनची, उन्हाळ्यात मांड्या चिकटायच्या म्हणून आजी त्यावर जुनं लुगडं घडी करून अंथरायची.

बसायच्या जागा ठरलेल्या होत्या, कुणी ठरवल्या माहीत नाही पण कुणी मोडायचं नाही. पुढे बाबा, मधे धाकटा भाऊ, खिडकीशी आजोबा. मागे डाव्या खिडकीशी आजी, तिला गाडी लागायची म्हणून मुठीत लिंबू. उजव्या खिडकीशी काकू. दोघींच्या मधे आई. मग आम्ही तिघी मुली, एक आजीच्या मांडीवर, एक काकूच्या मांडीवर, आणि मी मोठी म्हणून सीटच्या काठावर, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरून. मोठ्या बायकासुद्धा एकाआड एक बसायच्या, एक पाठ टेकून एक पुढे सरकून, नाही तर तिघींचे खांदे मावायचेच नाहीत. झाले नऊ. काकांची रविवारी ड्यूटी असायची म्हणून ते क्वचितच असायचे, आणि असले की भाऊ आजोबांच्या मांडीवर जायचा नि आजोबा तक्रार न करता पंचांग खिशात घालायचे.

जायचं कुठे तर पाताळपाणी, ओंकारेश्वर, मांडव, कार्तिकी पौर्णिमेला जानापावच्या जत्रेला. डिकीत गोवऱ्यांचं अर्धं पोतं, बाफल्यांसाठी, म्हणजे आधी उकडून मग गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे गोळे, बाजूला तुपाची बरणी फडक्यात गुंडाळून दोन पातेल्यांच्या मधे अशी बसवलेली की हलू नये, आणि तरी घरी आल्यावर डिकीला तुपाचा वास दोन दिवस यायचा. तो वास मला अजून कुठे मिळाला तर मी थांबते.

आता तुम्हाला विचारायचं ते हे.

एक तर मे महिन्यात ओंकारेश्वरला जाताना सिमरोलच्या पुढे घाटात गाडी हमखास बंद पडायची, सगळ्यांनी उतरायचं, बाबा बोनेट उघडून आतल्या कशावर तरी ओला पंचा टाकायचे आणि आम्ही पळसाखाली बसून खरबूज खायचो, थोड्या वेळानं गाडी आपोआप चालू. बाबांना आता विचारलं तर "तापायची गं" एवढंच सांगतात. तो पंचा नेमका कशावर टाकायचे?

दुसरं, मागे पायाशी मधोमध एक उंचवटा होता, बोगद्यासारखा लांबट, आईचे पाय एक अलीकडे एक पलीकडे. तो कशासाठी होता? मला चित्रात काढायचाय.

आणि तिसरं, तुमच्या घरच्या गाडीत कोण कुठे बसायचं ते सांगा. गाडी कुठलीही चालेल.


सियागंज_पाना:

ताई नमस्कार. वडिलांचं गॅरेज होतं आमच्या, आता मी सियागंजमधे स्पेअर पार्टचं दुकान बघतो, त्यामुळे तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर देऊन देतो.

पंचा पेट्रोल पंपावर टाकायचे. रस्त्यावरचा नाही, गाडीतला. फियाटमधे तो छोटा पंप इंजिनलाच चिकटून बसवलेला असायचा, इंजिन फिरलं की तोही चालायचा, टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणाऱ्या भागाला द्यायचा. आता मे महिना, वर घाट, गाडी दुसऱ्या गिअरमधे, नऊ माणसं नि गोवऱ्या. म्हणजे इंजिन जोरात फिरतंय पण गाडी हळू चाललीय, समोरून वारा लागतच नाही. पंप आणि पाइप एवढे तापतात की पेट्रोल आतल्या आतच उकळून त्याची वाफ होते. पंप पातळ पेट्रोल ओढायला केलेला, वाफ नुसती दबते नि फुगते, पुढे काही सरकत नाही. ह्याला व्हेपर लॉक म्हणतात, आमचे मिस्त्री लोक म्हणायचे "पंप हवा घेऊन राहिला". ओला पंचा टाकला की पाणी उडताना गरमी घेऊन जातं, माठातलं पाणी गार होतं ना तसंच, वाफेचं परत पेट्रोल झालं की गाडी चालू. तुमच्या बाबांनी अगदी बरोबर केलं. खूप लोक घाबरून रेडिएटरचं झाकण उघडायचे, ते गरम असताना उघडलं की उकळतं पाणी अंगावर येतं, आमच्या वडिलांच्या मनगटावर तो डाग शेवटपर्यंत होता.

आताच्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो आणि मागून जोरात ढकलतो, म्हणून आता घाटात कुणी पंचा काढत नाही.

उंचवटा म्हणजे, इंजिन पुढे पण फिरायची मागची चाकं, तर ती ताकद मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा जायचा, प्रोपेलर शाफ्ट. त्याला जागा म्हणून फरशी मधे वर उचललेली. अँबेसेडरलाही होता. मारुती ८०० मधे पुढचीच चाकं ओढतात म्हणून तो दांडाच नाही. तेव्हा तुमच्या आईंची जागा गाडीतली सगळ्यात अवघड, पाय सरळ ठेवायला जागा नाही, खिडकी नाही, धरायला काही नाही. आणि पुढे तिघं बसू शकायचे ते गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली होता म्हणून, तो फरशीवर असता तर तुमच्या भावाला ती जागा मिळालीच नसती. चित्रात तो दांडाही काढा, नाही तर जुनी माणसं चूक काढतील.

माझी जागा म्हणाल तर लोकांच्या गाड्यांत. दुरुस्ती झाली की वडील ट्रायल घ्यायचे, राजवाड्याला चक्कर मारून परत, आणि शाळा सुटली की मी पण त्यांच्या बाजूला. रेडिओ असला तरी लावायचे नाहीत. "बोलू नको, ऐक" म्हणायचे. गॅरेजमधे तर मोठा पेचकस घेऊन त्याचं टोक चालू इंजिनवर टेकवायचे आणि मूठ कानाला लावायचे, डॉक्टरसारखं, आणि डोळे मिटून सांगायचे की दोन नंबरचा टॅपेट, म्हणजे इंजिनची झडप हलवणारा भाग, बोलतोय. मला एकदा ऐकवलं. आठ-नऊ वर्षांचा असेन. मला नुसती टकटक ऐकू आली पण त्यांनी माझ्या कानामागे हात धरून ठेवला होता, ग्रीसचा वास येणारा, तो हात लक्षात आहे.

दसऱ्याला गॅरेजसमोर रांग लागायची, गाडी धुवून, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, आणि घरची सगळी माणसं आत बसलेली. मी तेव्हा मोजायचो. एका फियाटमधून अकरा जण उतरलेले मी स्वतः पाहिलेत.


खलघाट_आठाणे:

काय आठवण काढलीत ताई. मी मूळची स्नेहलतागंजची, लग्नानंतर पुण्यात, आता तीस वर्षं होतील.

आमच्याकडे गाडी नव्हती, मामांची अँबेसेडर होती आणि मामा पुण्याचे. दर मे महिन्यात ते आम्हाला न्यायला यायचे आणि मग आगरा-मुंबई रस्त्यानं सहाशे किलोमीटर, मानपूर, खलघाट, सेंधवा, बिजासन घाट, शिरपूर, धुळं, मालेगाव असं करत. पहाटे चारला निघायचं कारण ऊन चढायच्या आत सेंधवा गाठायचं असायचं.

माझी जागा सीटवर नव्हतीच. मागच्या सीटच्या पाठीमागे, काचेखाली जी फळी असते ना, त्यावर मी आडवी. सहा-सात वर्षांची होईपर्यंत मावले. आईनं खाली दुलई घातलेली, वर गोल काच, आणि पहाटेच्या अंधारात इंदूर उलटं मागे जाताना दिसायचं. आज कुणी लेकराला असं झोपवलं तर मी स्वतः ओरडेन, पण तेव्हा मला ती जगातली सगळ्यात सुरक्षित जागा वाटायची, खाली मावशीची वेणी, हात लांब केला की लागायची.

मानपूरचा घाट उतरला की आई पर्स उघडायची आणि प्रत्येकाच्या हातावर आठ आणे ठेवायची, खलघाटला नर्मदेत टाकायला. खिडकीशी बसलेल्यांनाच टाकता यायचे म्हणून मधल्यांचे पैसे खिडकीकडे पोचवायचे, "हा दादाचा, हा माझा, हा आजीचा" असं सांगून, कारण कुणाचा पैसा कुणाच्या नावावर जाऊन चालायचं नाही. मामा पुलावर गाडी हळू करायचे. आजी हात जोडून "नर्मदे हर" म्हणायची आणि आम्ही सगळे तिच्या मागून. एकदा माझा पैसा कठड्यावर टण्णकन आपटून रस्त्यावरच पडला, मी एवढी रडले की मामांनी पूल ओलांडून गाडी थांबवली, मला कडेवर घेऊन चालत परत पुलावर आले आणि स्वतःच्या खिशातला रुपया माझ्या हातानं टाकायला लावला. मागून ट्रक येऊन राहिले होते. बाकीची सगळी माणसं गाडीत बसून वाट बघत होती आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

आणि बिजासनमातेचं दर्शन घेऊन घाट उतरला की महाराष्ट्र. पुण्याच्या मैत्रिणींना हे सांगून कळत नाही पण तुम्हा इंदूरच्यांना कळेल, आमची मराठी घरातली, देवघरातली, गणपतीतली. बाहेर सगळं हिंदी. आणि घाट उतरल्यावर एकदम दुकानांच्या पाट्यांवर मराठी, "किराणा व भुसार माल", "येथे पंक्चर काढून मिळेल". आम्ही मुलं एकेक पाटी मोठ्यानं वाचायचो, धुळ्यापर्यंत. वडील म्हणायचे, वाचा वाचा, हे सगळं आपलंच आहे.

२०१४ मधे उत्तरपाड्याला अँबेसेडर बनणं बंद झालं ती बातमी वाचून मी मामांना फोन लावला होता. ते म्हणाले, "तुझी फळी गेली गं." बस एवढंच. दोघंही थोडा वेळ फोन धरून होतो.


मिलवाली_गल्ली:

तुमच्या सगळ्यांच्या घरी गाड्या होत्या, आमच्या घरी कधीच नव्हती, तरी लिहून राहिले कारण ताईंनी म्हटलंय गाडी कुठलीही चालेल.

बाबा हुकुमचंद मिलमधे फिटर होते, ९१ ला मिल बंद होईपर्यंत. आमच्या गल्लीत एकच गाडी होती, वकीलकाकांची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून वाकून आत शिरायचं. आणि तिचं बोनेट म्हणजे नुसतं झाकण नव्हतं, मडगार्ड-दिव्यांसकट पुढचा सगळा भाग एकसाथ पुढे उलटायचा, आतलं इंजिन नि चाकं पार उघडी. काकांनी बोनेट उघडलं की गल्लीतली सगळी पोरं गोळा. आमची गल्ली अशी की रिक्षालाही वळायला त्रास, पण हेराल्ड एवढ्या कमी जागेत वळायची की काका एका दमात फिरवून घ्यायचे आणि आम्ही टाळ्या वाजवायचो.

त्या गाडीची किल्ली काकांच्या दाराच्या आत खिळ्याला टांगलेली असायची आणि ते गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. ७९ साली माझ्या वेळेस रात्री दोनला आईला कळा सुरू झाल्या तर बाबांना दार वाजवावंही लागलं नाही, धावपळ ऐकून काका शर्टाची बटणं लावत बाहेर आलेले. एम वाय हॉस्पिटलला पोचवलं, सकाळपर्यंत थांबले आणि मग तिथूनच कोर्टात गेले. हे मला काकूंनी माझ्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितलंय. त्यामुळे माझी जागा विचाराल तर मी त्या गाडीत पहिल्यांदा बसले ती आईच्या पोटात.

काकांनी कधी पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. मग बाबा रविवारी जाऊन गाडीची बिजागरी, दाराचं हँडल, काय ढिलं असेल ते बघून यायचे, हत्यारं स्वतःची घेऊन. आणि दर दिवाळीला आई मिलच्या कापडाच्या सीटच्या खोळी शिवून द्यायची, कापड बाबा मिलच्या दुकानातून आणायचे, एका वर्षी निळ्या पट्ट्यांचं, एका वर्षी हिरवं. आमच्या घरी पडदे त्याच कापडाचे असायचे. म्हणजे मी काकांच्या गाडीत बसले की मला आमच्याच घरात बसल्यासारखं वाटायचं, ते का वाटायचं हे मला मोठी झाल्यावर कळलं.

अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, निघायच्या, रात्रभर. राजवाड्याकडचे रस्ते बंद व्हायच्या आत काका दुपारीच गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना दोन फेऱ्यांत नेऊन ओळखीच्या घरी गॅलरीत बसवून यायचे, जाताना सोबत दशम्या, चटणी नि पाण्याची सुरई. आम्ही पायी. आणि हुकुमचंदची झांकी आली की बाबा बरोबर चालत असायचे, दिव्यांची वायरिंग सांभाळत, आणि वर गॅलरीतून आजी त्यांना हाक मारायची, एवढ्या बँडच्या आवाजात त्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी ते वर बघायचे.

ताई तुम्ही चित्र काढून राहिल्या आहात ना, गाडीच्या बाहेर उभ्या राहिलेल्यांनाही जागा द्या. ज्यांची ड्यूटी होती त्या काकांना पण.


जुना_इंदोरी:

मुलींनो, छान वाचायला मिळतंय. एकच भर घालतो. माणिकबागेच्या, म्हणजे होळकरांच्या महालाच्या, रस्त्यानं जाताना आमचे वडील नेहमी सांगायचे की यशवंतराव होळकर महाराजांनी तीसच्या दशकात अमेरिकेची डुसेनबर्ग घेतली, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगकडून बनवून, केशरी नि काळ्या रंगात, आणि ती जगातल्या नावाजलेल्या गाड्यांत अजून धरतात. एवढी लांब गाडी, बसायला जागा दोघांची. वडील हे सांगताना आम्ही सात जण एका टांग्यात असायचो, माझ्या मांडीवर बहीण, आणि मला महाराजांची मनापासून काळजी वाटायची की मग त्यांच्या घरचे बाकीचे कशानं येत असतील.


दशहरा_मैदान:

सियागंज भियांनी मारुती ८०० चं नाव काढलं म्हणून लिहिते.

१४ डिसेंबर ८३ ला पहिल्या मारुतीची किल्ली इंदिरा गांधींनी दिली तेव्हा मी शाळेत होते, पेपरमधला तो फोटो आमच्या बाईंनी वर्गात दाखवला होता. आमच्या सासरी ती गाडी यायला ९५ उजाडलं. पांढरी. सासऱ्यांनी आधी फियाटच चालवलेली, त्यांना ही इतकी हलकी वाटायची की पहिले काही दिवस क्लच दाबताना पाय जमिनीवर आपटायचा.

त्यांनीच मला शिकवली, रोज सकाळी साडेसहाला दशहरा मैदानावर. मी साडीत, चप्पल काढून, कारण पायाला पेडल कळलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. विटांचे चार तुकडे मांडायचे आणि त्यातून रिव्हर्स. महिनाभर. एकदाही आवाज चढवला नाही. सासूबाई घरी पोहे करून वाट बघायच्या आणि आम्ही आलो की मला विचारायच्या, ह्यांना नाही, "आज किती विटा?" मी म्हणायची, एक पडली. मग त्या जास्त शेव घालायच्या.

पहिल्यांदा घरच्यांना घेऊन निघाले ती अन्नपूर्णेच्या मंदिरात. सासरे स्वतःहून मागे जाऊन बसले. पुढची डावी सीट रिकामी. सासूबाई सवयीनं मागचं दार उघडून राहिलेल्या, तर सासरे म्हणाले, तू पुढे बस, तिला सोबत हवी. लग्नाला सदतीस वर्षं झाली होती त्यांच्या. फियाटमधे त्या कायम मागे, कारण पुढे आधी सासरे-दीर, मग मुलं, मग जावई. त्या पुढे बसल्या, पदर नीट केला, समोरच्या काचेतून बघितलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, रस्ता केवढा रुंद दिसतो इथून." मी गाडी चालूच केली नाही थोडा वेळ. त्यांना बघू दिलं.

रामबागच्या ताई, तुमचं लिहिलेलं मी दोनदा वाचलं. आजी खिडकीशी का ते तुम्ही लिहिलंय, काकांचं लिहिलंय, तुम्ही काठावर का तेही लिहिलंय. आई त्या उंचवट्यावर मधे का बसायच्या ते नाही लिहिलं. सियागंज भिया म्हणतात ती सगळ्यात अवघड जागा. त्यांना कधी विचारलंत का?


रामबाग_थोरली:

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. पंप, प्रोपेलर शाफ्ट, स्टिअरिंगखालचा गिअर, सगळं चित्रकाराला सांगितलं. काकांना पण घेतोय, गाडीच्या बाजूला स्कूटरवर. फळीवर कुणी झोपायचं का हे चुलत बहिणीला विचारलं तर ती म्हणते हो, परत येताना तीच, आणि मी हे पार विसरले होते.

दशहरा मैदानच्या वहिनी, तुमचा प्रश्न वाचून मला रात्री झोप आली नाही. खरंच नव्हतं विचारलं. मी धरूनच चालले होते की ती मधली सून, सगळ्यांनी खिडक्या घेतल्यावर उरेल ते तिचं.

काल दुपारी ती शेंगा सोलत बसली होती, मी पण एक ताट घेऊन बसले आणि विचारलं. आधी तर म्हणाली, काय गं, कुठेतरी बसायचं ना. मी गप्प राहिले. मग पाच-सहा शेंगा झाल्यावर म्हणाली, "तिथून आरशात ह्यांचे डोळे दिसायचे."

गाडी घेतली त्याच वर्षी मांडवहून परत येताना रात्र झाली होती, आजी-आजोबा, आम्ही मुलं, सगळे झोपलेले, आणि मानपूरच्या अलीकडे बाबांना क्षणभर डुलकी लागली. गाडी कच्च्यात उतरली, खडखड झाली, बाबांनी सावरली. कुणाला कळलंही नाही. आई तेव्हा डाव्या खिडकीशी होती, तिला फक्त त्यांचा कान दिसत होता. त्या दिवसापासून तिनं खिडकी आजीला देऊन टाकली आणि मधे सरकली, कारण आतला आरसा मधोमध असतो आणि मधे बसलं की त्यात बाबांच्या डोळ्यांची पट्टी बरोब्बर दिसते. डोळे जड व्हायला लागले की ती काकूशी काहीतरी मोठ्यानं बोलायला लागायची, नाही तर मला पुढे हात करून गूळ-शेंगदाणे द्यायला लावायची, "बाबांना दे". मी ते हजार वेळा दिलेत. मला वाटायचं बाबांना भूक लागते.

चौदा वर्षं. ९७ ला फियाट विकली तोपर्यंत. मी म्हटलं बाबांना माहीत होतं का, तर म्हणाली, माहीत असेल की, मी बसले नीट का ते बघून आरसा तेच तर हलवायचे.

बाबा आतल्या खोलीतून म्हणाले, "काय सोलताय एवढ्या वेळ?" त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. डोळ्याच्या ऑपरेशननंतर गाडी चालवणं पण सोडलंय.

चित्रात आता आरसा मोठा काढायला सांगितलाय. आणि रविवारी आम्ही जानापावला जातोय, मी चालवणार, बाबा पुढे आजोबांच्या जागी. मागची सीट पूर्ण रिकामी आहे, मी आईला म्हटलं की ऐसपैस खिडकीशी बस, डोंगर दिसेल छान. तर म्हणाली नको, मी मधेच बसते.